घोड्याच्या पोटाचे टाके का चिघळतात?

आरोग्याच्या सदरात आज घोड्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. गाय, म्हैस, शेळी यांच्या आजारांविषयी वर्तमानपत्रांतून बरेच लिहिले जाते. घोडा मात्र मागे पडतो. टांगे रस्त्यावरून जवळजवळ गेले, हे खरे. तरीही लग्नाच्या वरातीत घोडा लागतोच. माथेरानला अनेकांची चूल घोड्यावर पेटते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला आणि मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आजही भरतो आणि चांगल्या जनावरासाठी लाखाची बोली लागते. एवढ्या मोलाचे जनावर पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरते, कर्ज काढून त्याचे ऑपरेशन होते, ते वाचते आणि आठव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागतो. मालकाला वाटते, सगळे पाण्यात गेले. तसे नसते. पण हे का होते आणि त्यातले किती आपल्या हातात आहे, हे प्रत्येक घोडेमालकाने समजून घ्यायला हवे.

आधी पोटशूळाविषयी थोडेसे. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले परत वर येत नाही. त्याचे मोठे आतडे बरेच मीटर लांब, घड्या घालून पोटात सैल ठेवलेले असते. त्यामुळे त्यात वायू भरणे, कोरडा चारा अडकणे, वाळू साठणे किंवा पीळ पडणे हे प्रकार या प्राण्यात फार होतात. घोडा चारा सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, घामाघूम होतो, लोळतो. लीद बंद होते. अशा दहा घोड्यांपैकी साधारण नऊ जण औषधाने, नाकातून नळी घालून किंवा सलाइन देऊन बरे होतात. उरलेल्या एखाद्याचे पोट उघडावेच लागते. आतड्याला पीळ पडला असेल तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग काही तासांचाच प्रश्न असतो.

घोड्याला पूर्ण भूल देऊन, उताणा झोपवून, बेंबीपासून पुढे छातीच्या दिशेने पोटाच्या बरोबर मध्यावर छेद घेतात. तो साधारण २५ ते ३५ सेंटीमीटर लांब असतो. पोटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू जेथे येऊन मिळतात तेथे एक पांढरी, चिवट पट्टी असते. छेद तिच्यातूनच जातो, कारण तेथे रक्तस्राव कमी होतो आणि टाका पक्का धरतो. काम संपले की ही पट्टी जाड, आपोआप विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात आणि त्यावर कातडी शिवतात.

आता माणसाशी तुलना करून पाहा. आपल्या पोटाचे ऑपरेशन झाले की आपण खाटेवर उताणे पडतो. जखम वर, हवेत, स्वच्छ पट्टीखाली असते. पोटाचा भार पाठीवर जातो. घोड्याचे सगळे याच्या उलट आहे. तो त्याच दिवशी चार पायांवर उभा राहतो, नव्हे, त्याने उभे राहिलेच पाहिजे. आतडी आणि त्यांतला चारापाण्याचा ऐवज मिळून पन्नास किलोहून अधिक वजन थेट त्या ताज्या शिवणीवर लोंबते. बसला की जखम खाली, जमिनीवर. आणि जमिनीवर लीद, मूत्र, ओला कडबा. ज्या जागेवर सर्वांत जास्त ताण आणि सर्वांत जास्त घाण, नेमकी तीच जागा आपण उघडलेली असते. त्याला दुसरा मार्गही फारसा नाही. त्यामुळे माणसाच्या तुलनेत घोड्याच्या पोटाची जखम अधिक वेळा चिघळते यात नवल नाही. परदेशांतील दवाखान्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालांत हे प्रमाण शंभरात सात-आठपासून तीस-पस्तीसपर्यंत सापडते. आकड्यांत एवढी तफावत का? एक तर प्रत्येक जण ‘चिघळणे’ वेगळ्या मापाने मोजतो. कोणी नुसता ओलावा धरतो, कोणी पू आल्यावरच नोंद करतो. आणि दुसरे म्हणजे घोडे किती आजारी अवस्थेत येतात, यात दवाखान्या-दवाखान्यांत फरक असतो.

कोणाला धोका अधिक?

सर्वांत पक्की गोष्ट आधी सांगतो. एकदा शिवलेले पोट पुन्हा उघडावे लागले तर जखम चिघळण्याचा धोका एकदम वाढतो. पहिल्या ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांत पुन्हा पोट दुखू लागले, आतड्याचा सांधा अडला किंवा पुन्हा पीळ पडला, तर दुसऱ्यांदा त्याच छेदातून आत जावे लागते. नुकत्याच सुजलेल्या, जेमतेम जुळू लागलेल्या मांसातून पुन्हा सुरी जाते. अशा घोड्यांत जखम चिघळण्याचे प्रमाण पुष्कळ अहवालांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक आहे. जवळपास सर्व अभ्यासक ज्या मुद्द्यावर एकमत आहेत असा हा मुद्दा आहे. म्हणजे दुसऱ्यांदा उघडू नये असे मात्र नाही. जीव वाचवायचा असेल तर उघडावेच लागते. मालकाने पू येणार हे धरून चालावे, एवढेच.

दुसरा मुद्दा वेळेचा. ऑपरेशन आणि भूल दोन तासांच्या पुढे लांबली की धोका वाढत जातो. जखमेच्या कडा जितका वेळ उघड्या, तितके त्यांवर जंतू बसतात. कडा सुकतात, चिमट्यांनी आणि हातांनी रगडल्या जातात. शिवाय एवढे अवजड जनावर उताणे पडलेले असताना पोटाचा भार छातीवर येतो, फुप्फुसे नीट फुगत नाहीत आणि रक्तातला प्राणवायू घटतो. भुलेत प्राणवायू कमी पडलेल्या घोड्यांच्या जखमा अधिक चिघळल्याचेही आढळले आहे. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्राणवायू लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे कारण कळते.

तिसरे, घोड्याचे वय आणि वजन. लहान शिंगरांपेक्षा मोठ्या, वजनदार घोड्यांत प्रमाण अधिक आहे. शिवणीवर येणारा भार पाहता हे सहज पटते.

दवाखान्यात पोचताना घोडा किती खचलेला आहे, हेही महत्त्वाचे. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण ३० ते ४० असते. ती साठ-सत्तरच्या वर गेली, हिरड्या काळपट झाल्या, कान आणि पाय गार पडले, म्हणजे आतून विष भिनू लागले आहे. अशा घोड्याची जखम भरून काढण्याची ताकद आधीच खर्ची पडलेली असते. त्याचे आतडे कुजलेले निघाले तर तेवढा भाग कापून टाकावा लागतो, म्हणजे ऑपरेशन लांबणार. येथेच उशिराची किंमत कळते. आपल्याकडे घोड्याचे पोट उघडण्याची सोय रेसकोर्स, मोठे स्टड फार्म आणि मोजक्या मोठ्या पशुवैद्यकीय संस्था यांच्या आसपासच आहे. सारंगखेड्यासारख्या ठिकाणाहून मुंबई-पुण्याला जायचे तर रात्रभराचा ट्रकप्रवास आहे. त्यात आधीचा सबंध दिवस ओवा, हिंग, तेल पाजण्यात आणि घोडा फिरवण्यात गेला असेल, तर आठव्या दिवशी येणाऱ्या पुवाचे मूळ त्या दिवसात असू शकते. पोटशूळावर पहिल्या टोचणीने दोन तासांत उतार पडला नाही, किंवा उतार पडून दुखणे पुन्हा उलटले, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्याला फोन करावा. गाडीची सोय नंतर बघू म्हणू नये.

आतडे उघडून आतला चारा काढला, म्हणजे जखम हमखास चिघळणार, असा पुष्कळांचा समज असतो. तर्काला तो पटतोही. परंतु अभ्यासांचा कौल येथे एकसारखा नाही. काहींत धोका वाढलेला दिसतो, काहींत फरकच दिसत नाही. ज्या शल्यचिकित्सकाने उघडलेले आतडे बाजूला घेऊन, छेद झाकून, शेवटी हातमोजे आणि हत्यारे बदलून पोट शिवले त्याला बहुधा त्याचा त्रास होत नाही, असे मला वाटते.

शिवण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. कातडीला टाक्यांऐवजी धातूच्या पिना मारल्या की वेळ वाचतो, पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात अशा घोड्यांत जखमेच्या तक्रारी अधिक निघाल्या. पांढरी पट्टी शिवताना फार मोठे, गुंतागुंतीचे टाके घालून मांस आवळले तर त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि रक्त पोचत नाही तेथे औषधही पोचत नाही. या गोष्टी मालकाच्या हातात नाहीत. पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही.

उठतानाची धडपड

ऑपरेशन संपले म्हणजे धोका संपला असे नाही. पोट शिवून झाल्यावर जखमेवरचे जंतू मोजले आणि घोडा शुद्धीवर येऊन उभा राहिल्यावर पुन्हा मोजले, तर दुसऱ्या वेळी ते कितीतरी अधिक सापडतात. कारण उघड आहे. भूल उतरताना घोडा धडपडतो, घामेजतो, पोटावर पडतो, पुन्हा उठतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात जखम जमिनीला घासते. म्हणून जखमेवर आधीच चिकट पट्टी किंवा कापडाची घट्ट वळी शिवून ठेवतात आणि घोडा उभा राहिला की ती घाण झालेली पट्टी काढून टाकतात. ती तशीच दोन दिवस राहू दिली तर तिचा उपयोग होण्याऐवजी तीच जंतूंचे घर होते.

त्यानंतर येतो पोटपट्टा. पूर्ण पोटाला वेढा देऊन पाठीवर बांधलेला रुंद, लवचीक पट्टा. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही घोड्यांना असा पट्टा बांधला आणि काहींना नाही. पट्टा बांधलेल्या घोड्यांत जखमेच्या तक्रारी स्पष्टपणे कमी निघाल्या. जमिनीची घाण अडते, सूज आवरते आणि शिवणीला खालून थोडा आधार मिळतो. पण पट्टा कोरडा असेल तरच. नर घोड्यात मूत्राची जागा जखमेच्या मागच्या टोकाजवळ येते, त्यामुळे पट्ट्याची मागची कड भिजते आणि तो ओलावा कापडातून जखमेपर्यंत चढतो. नराचा पट्टा दिवसातून दोन-तीनदा हात लावून पाहावा. ओला लागला, की बदलावा. मागे सरकलेला पट्टा कुचकामी. फार आवळलेला पट्टा पाठीच्या कण्यावर कातडी सोलतो. तेथे मऊ कापडाची घडी ठेवावी.

घरी आणल्यावर

घोडा घरी येतो तो बहुधा आठवडा-दहा दिवसांनी, म्हणजे नेमका जखमेतून पू दिसण्याच्या काळात. बहुतेक जखमांचा बिघाड पहिल्या दोन आठवड्यांतच उघड होतो. येथून पुढचे काम मालकाचे आणि मोतद्दाराचे.

ठाण कोरडे हवे. फरशी किंवा मुरमाची जमीन असली तरी वर वीतभर कोरडे तण किंवा भुसा घालावा आणि लीद पडली की उचलावी, संध्याकाळपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात ओल खालून येते, म्हणून जाड थर हवा. माशांचा बंदोबस्त आधी करावा. ओल्या जखमेवर माशी बसली तर एका दिवसात अळ्या पडू शकतात. पिछाडी बांधून घोडा जखडू नये. तो ओढाताण करतो आणि शिवणीला हिसके बसतात.

रोज दोन वेळा जखम पाहावी. खाली वाकून, उजेडात, स्वच्छ धुतलेल्या हातांनी. पहिल्या काही दिवसांत जखमेच्या दोन्ही बाजूंना सूज दिसते. बोटाने दाबले की खळगा पडतो, घोडा तक्रार करत नाही, हात लावला तर गरम लागत नाही. ही सूज बहुधा निरुपद्रवी असते, तिला घाबरू नये. हात लावताच घोडा पाय आपटू लागला, जागा तापलेली लागली, चिकट पिवळसर किंवा दुर्गंधी स्राव दिसला, किंवा ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर डॉक्टरांना कळवावे. कित्येकदा जखमेत काही दिसण्याच्या आधी नुसता ताप येतो. म्हणून थर्मामीटर घरात असावाच आणि आकडा वहीत लिहावा.

एक लक्षण मात्र वेगळे काढून सांगतो. जखमेतून अचानक पाण्यासारखा, लालसर-तपकिरी स्राव भरपूर वाहू लागला, तर आतली शिवण सुटत असण्याचा संभव असतो. हे क्वचित होते, पण झाले तर आतडी बाहेर येऊ शकतात. अशा वेळी घोडा हलवू नये, स्वच्छ चादर पोटाला घट्ट गुंडाळावी आणि डॉक्टरांना तेथेच बोलवावे.

हळद-तेल, राख, शेण, रॉकेल, डांबर यांतले काहीही जखमेवर लावू नये. भावना चांगली असते, पण तेलाने पू आत कोंडतो, आणि मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. ज्या घोड्याच्या रक्तातून माणसाला धनुर्वाताची प्रतिलस मिळाली, तोच घोडा पाळीव जनावरांत या रोगाला सर्वाधिक बळी पडतो. लस दिली होती की नाही हे ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टरांना सांगावे.

‘अजून आठ दिवस इंजेक्शन द्या’

पू दिसला की मालकाची पहिली मागणी हीच असते. प्रतिजैविकाचे खरे काम छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात होते. सुरी लागण्याच्या वेळी ते रक्तात आणि मांसात असायला हवे, आणि ऑपरेशन लांबले तर मध्ये पुन्हा द्यावे लागते. पुढे ते किती दिवस लांबवावे, याचीही तपासणी झाली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तीन दिवस आणि पाच दिवस औषध दिलेल्या घोड्यांची तुलना केली, तेव्हा जखम चिघळण्याच्या प्रमाणात महत्त्वाचा फरक आढळला नाही. उलट जास्त दिवसांच्या औषधाचा तोटा घोड्यात मोठा आहे. त्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवणारे उपयुक्त जंतू असतात. ते मेले की जुलाब लागतात, आणि घोड्याचे असे जुलाब जिवावर बेततात. शरीरातले पाणी कमी झालेल्या घोड्याला जेंटामायसिन दिले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गावातल्या दुकानातून कुपी आणून मोतद्दाराकडून टोचून घेणे हा खेळ करू नये.

पुवावरचा खरा उपाय साधा आहे. डॉक्टर खालच्या बाजूचे एक-दोन टाके काढून पुवाला वाट करून देतात, पुवाचा नमुना तपासणीस पाठवतात, आणि जखम रोज सलाइनने धुऊन कोरडी ठेवतात. पोटपट्टा चालू राहतो. बहुतेक जखमा एवढ्यानेच काही आठवड्यांत भरतात. पू आला म्हणून घोडा मरत नाही, आणि पू आला म्हणून त्याला कवडीमोलाने विकून टाकण्याचे कारण नाही.

पण एक गोष्ट उरते, ती म्हणजे अंतर्गळ. चिघळलेल्या जखमेची पांढरी पट्टी नीट जुळत नाही. वरून कातडी भरलेली, केस उगवलेले, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच रेषेवर फुगवटा दिसू लागतो. जखम न चिघळलेल्या घोड्यांच्या मानाने अशा घोड्यांत अंतर्गळाचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असते. लहान अंतर्गळ घेऊन घोडे वर्षानुवर्षे काम करतात. मोठ्याला पुन्हा ऑपरेशन लागते, पण जखम पूर्ण कोरडी होऊन काही महिने गेल्याशिवाय ते करत नाहीत.

पांढऱ्या पट्टीला आपली ताकद परत यायला, सर्व सुरळीत झाले तरी, साधारण आठ आठवडे लागतात. कातडीचे टाके मात्र दोन आठवड्यांत निघतात. मालकाची फसगत होते ती येथे. टाके निघाले, घोडा उड्या मारू लागला, वरातीची सुपारी आलेली असते. त्याच्यावर जीन टाकून तंग आवळला आणि डीजेच्या आवाजात दोन तास नाचवले, तर आतली कच्ची शिवण उसवते. पहिला महिना घोडा ठाणावरच ठेवावा आणि दिवसातून दोन-तीनदा लगाम धरून दहा-पंधरा मिनिटे पायी फिरवावे. दुसऱ्या महिन्यात लहान कुंपणात एकटा सोडावा, दुसऱ्या घोड्यांबरोबर नाही. तिसऱ्या महिन्यात मोकळे सोडायला हरकत नाही. पाठीवर माणूस बसवायचा तो तीन महिने पुरे झाल्यावर आणि डॉक्टरांनी रेषेवरून हात फिरवून पाहिल्यावर. जखम चिघळली असेल तर हे वेळापत्रक जखम कोरडी झाल्याच्या दिवसापासून मोजावे, ऑपरेशनच्या दिवसापासून नव्हे. चंदीही या काळात काम करणाऱ्या घोड्याइतकी देऊ नये. हरभरा कमी, चांगले वाळलेले गवत थोडे थोडे करून दिवसातून चार-पाच वेळा, आणि पाणी सतत समोर.